‘मला तर काही होतच नाही’ : महिनोन्महिने अनियमित ठोके, आणि उपचार ठरवायची भानगड

आधीच सांगून टाकतो, हे प्रकरण कुठल्या एका माणसाची फाइल नाही. अशा पेशंटमध्ये नेहमी दिसणाऱ्या गोष्टी जोडून बांधलंय. अभ्यासांचे आकडे मात्र खरे आहेत. आणि हे वाचून कोणी आपल्या गोळ्या आपणच बदलू नयेत, हे तर आलंच.

तर पेशंट म्हणजे ६७ वर्षांचे एक काका, रिटायर्ड, दहाएक वर्षांपासून बीपी, त्यावर एक गोळी चालू, वजन ९४ किलो आणि उंची १६९ सेंटिमीटर, शुगर नाही, हार्ट अटॅक कधी आला नाही, पॅरालिसिस नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या नेहमीच्या तपासण्या करायला गेले आणि ईसीजीत एएफ निघालं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. ठोके मिनिटाला ११८, दोन ठोक्यांतलं अंतर कुठेच सारखं नाही, पी वेव्ह (वरच्या कप्प्यांची ईसीजीतली खूण) गायब. धडधड होते का? नाही. चक्कर? नाही. छातीत काही? नाही. काकांचं म्हणणं एकच, मला तर काही होतच नाही, डोळ्याचं करून टाका ना.

घरात मतं तीन. काका म्हणतात एखादी गोळी द्या आणि विषय संपवा. मुलगा इंटरनेटवर सगळं वाचून आलाय, त्याला थेट अब्लेशन (नळी घालून हृदयातली बिघाडाची जागा निकामी करणं) पाहिजे, तेही नवीन मशीनवालं, आणि आत्ताच. काकूंना ‘शॉक’ (ठोका सरळ करायला छातीवर देतात तो) या शब्दाचीच धास्ती, त्या म्हणतात औषधाने होत असेल तर बाकीचं कशाला. गंमत म्हणजे तिघांच्याही म्हणण्याला कुठल्या ना कुठल्या अभ्यासाचा आधार आहे, म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

थोडक्यात रोग काय ते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत एका ठिकाणाहून शिस्तीत करंट निघायच्या ऐवजी सगळीकडून एकदम खळबळ चालू होते, मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या वर, कप्पा आकुंचन पावतच नाही, नुसता थरथरतो. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एव्ही नोड नावाचा दारवान बसलेला असतो, तो यातले थोडेच करंट खाली सोडतो आणि तेही जमेल तसे, म्हणून नाडी अनियमित लागते. त्रास तीन वाटांनी होतो. थरथरणाऱ्या कप्प्यात, खास करून डाव्या बाजूच्या एका छोट्या पिशवीसारख्या भागात, रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. ठोके महिनोन्महिने जोरात राहिले तर खालचा मुख्य पंप थकतो. आणि तिसरं म्हणजे माणसाला दम, थकवा, धडधड वगैरे, जे काहींना भयंकर होतं आणि काहींना, निदान त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, अजिबात नाही.

आता हे एएफ किती जुनं? सात दिवसांच्या वर सलग चाललं की त्याला पर्सिस्टंट म्हणतात, बारा महिन्यांच्या वर गेलं की लाँग-स्टँडिंग पर्सिस्टंट. आणि ‘परमनंट’ हा खरं तर रोगाचा प्रकार नाहीच, पेशंट आणि डॉक्टर दोघांनी मिळून आता ठोका सरळ करायच्या मागे लागायचं नाही असं ठरवलं की तो परमनंट. काकांना कधी सुरू झालं ते सांगता येईना, त्रासच नाही तर तारीख कुठून सांगणार. पण काकूंनी कपाटातल्या फाइलीतून एक जुना ईसीजी काढला, सात महिन्यांपूर्वीचा, बीपीच्या चेकअपला काढलेला, आणि तो एकदम नॉर्मल. माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद हाच, कारण त्यावरून एवढं पक्कं झालं की रोग जास्तीत जास्त सात महिन्यांचा आहे, आणि पुढचे बरेच निर्णय या एका गोष्टीवर फिरतात. जुने ईसीजी फेकू नका, एवढंच.

बाकी तपासण्या: थायरॉइड नॉर्मल (हे बघावंच लागतं, थायरॉइड वाढलेलं असेल तर आधी ते), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.१, हिमोग्लोबिन ठीक. टू-डी इकोमध्ये डावा वरचा कप्पा ४४ मिलिमीटर, म्हणजे थोडा मोठा झालेला पण फार नाही, मायट्रल झडपेतून किंचित गळती, झडप अरुंद नाही. आणि पंपिंग, ज्याला ईएफ म्हणतात, ते ४५ टक्के. नॉर्मल साधारण ५५ च्या आसपास किंवा वर असतं. मुलाने विचारलं अटॅक येऊन गेलाय का, तर इकोत तसं काही दिसत नव्हतं, एखादाच भाग कमी हलतोय असं नव्हतं, सगळाच पंप जरा मंद होता. अशा वेळी संशय येतो तो हा की हे कमी पंपिंग एएफमुळेच झालेलं असेल. संशयच फक्त. बीपीमुळेही होऊ शकतं, एमआरआयमध्ये पंपाला डाग दिसला नाही त्यामुळे संशय जरा पक्का झाला. आणि काकूंनी सांगितलं घोरणं इतकं की त्या दुसऱ्या खोलीत झोपतात, म्हणून स्लीप स्टडीही (झोपेत श्वास अडकतो का ते बघायची तपासणी) लावली.

आता ठरवायचं काय काय. बहुतेक घरांमध्ये चर्चा ‘गोळी की प्रोसिजर’ अशी चालते आणि त्यात गोंधळ होतो, कारण गोळ्या वेगवेगळ्या कामाच्या आहेत. गुठळी होऊ नये म्हणून काय करायचं हा एक निर्णय, ठोक्यांचा वेग कमी करायचा हा दुसरा, आणि ठोका परत सरळ लयीत आणायचा की नाही हा तिसरा. पहिला निर्णय बाकीच्या दोघांवर अवलंबून नाही, हे मी परत परत सांगतो कारण परत परत विसरलं जातं.

गुठळीचा हिशोब सोपा निघाला. यात धोक्याच्या गोष्टींना मार्क देऊन बेरीज करतात. वय ६५ ते ७४ मध्ये म्हणून एक मार्क, बीपीचा एक, पंपिंग कमी आहे त्याचा एक धरला तर तीन, नाही धरला तरी दोन. दोन झाले की रक्त पातळ करायची गोळी द्यायचीच. (बाई असण्याचा जो एक मार्क पूर्वी धरायचे तो युरोपच्या २०२४ च्या गाइडलाइनने काढून टाकलाय, इथे त्याचा संबंध नाही पण विचारतात लोक.) काका म्हणाले मी तर रोज अ‍ॅस्पिरिन घेतोच आहे, कोणीतरी कधीतरी सुरू केलेली. इथे थांबून बोलावं लागलं. एएफमधल्या गुठळीवर अ‍ॅस्पिरिन फार कमी काम करते आणि रक्तस्रावाचा धोका मात्र असतोच. २०११ च्या अ‍ॅव्हेरोज अभ्यासात ज्यांना वॉर्फरिन (रक्त पातळ करायची जुनी गोळी) चालत नव्हती अशा लोकांना एपिक्साबान (त्याच कामाची नवीन गोळी) विरुद्ध अ‍ॅस्पिरिन दिली, एपिक्साबानवाल्यांत स्ट्रोक निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच. मग अ‍ॅस्पिरिन बंद, एपिक्साबान ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. वॉर्फरिन का नाही? त्याच वर्षीच्या अ‍ॅरिस्टॉटल अभ्यासात, १८ हजारांवर पेशंट होते त्यात, एपिक्साबानने वॉर्फरिनपेक्षा स्ट्रोक २१ टक्के कमी आणि मोठा रक्तस्राव ३१ टक्के कमी झाला, वर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) तपासत बसायला नको. पण मायट्रल झडप बऱ्यापैकी अरुंद असेल किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल तर मात्र वॉर्फरिनच, तिथे नवीन गोळ्या चालत नाहीत, इको आधी बघायचं एक कारण ते.

डोस कमी देऊया का, वय झालंय, असं मुलाने विचारलं. हा प्रश्न फार ठिकाणी फार चुकतो. एपिक्साबानचा डोस अर्धा करायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वय ८० किंवा वर, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. काकांकडे यातली एकही नाही. ‘जरा जपून’ म्हणून अर्धा डोस देणं म्हणजे संरक्षण कमी करणं, आणि जपल्याचं समाधान फुकटचं.

वेगाचं पण फार ताणलं नाही. मेटोप्रोलॉल सुरू केली, महिनाभरात बसल्या जागी ठोके ८४-८८ वर आले. २०१० च्या रेस टू अभ्यासाने दाखवलंय की बसल्या जागी ११० च्या खाली ठेवलं तरी ८० च्या खाली ठेवण्याइतकंच चालतं, त्यामुळे आकड्यासाठी गोळ्या चढवत नेण्यात अर्थ नाही. डिल्टियाझेमचा (वेग कमी करायची दुसरी गोळी) विचार नको होता, पंपिंग कमी असलं की ती टाळतात.

आणि बघा, इथे काकांचं मत बरोबर ठरायची पूर्ण शक्यता होती. रक्त पातळ करायची गोळी चालू, वेग आटोक्यात, तक्रार नाही, मग थांबायला काय हरकत? २००२ चा अफर्म अभ्यास हेच सांगतो. ४,०६० पेशंट, निम्म्यांचा नुसता वेग सांभाळला आणि निम्म्यांचा ठोका सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पाच वर्षांत मृत्यू सरळ-ठोकावाल्यांत २३.८ टक्के आणि वेगवाल्यांत २१.३, म्हणजे सरळ ठेवून फायदा तर नाहीच, कल असलाच तर उलटा. त्यानंतर कितीतरी वर्षं ‘वेग सांभाळा, बाकी सोडा’ हाच पाठ चालला आणि ८४ वर्षांचा, सहा वर्षं एएफमध्ये असलेला, वरचा कप्पा फुगलेला आणि खरंच काही त्रास नसलेला माणूस समोर असेल तर मी आजही तेच म्हणेन, त्याच्या मागे शॉक आणि अब्लेशन लावू नका.

काकांच्या बाबतीत तीन गोष्टी आडव्या आल्या. एक, रोग नवा आहे. २०२० मध्ये ईस्ट-एएफनेट फोर नावाचा अभ्यास आला, निदान होऊन एक वर्षाच्या आतले २,७८९ पेशंट, लवकर ठोका सरळ करायला घेतला त्यांच्यात हृदयाच्या कारणाने मृत्यू, स्ट्रोक, हार्ट फेल्युअरने किंवा हृदयाच्या अटॅकसारख्या त्रासाने अ‍ॅडमिट होणं हे सगळं मिळून वर्षाला १०० माणसांमागे ३.९, आणि नेहमीच्या उपचारात ५.०. फरक डोळे दिपवणारा नाही, पण आहे, आणि त्यातले सुमारे ३० टक्के लोक तक्रार नसलेलेच होते. अफर्मच्या आणि याच्या निकालात विरोध वाटतो पण काळ बदललेला, औषधं निवडायची पद्धत बदललेली, आणि मुख्य म्हणजे इथे उपचार लवकर सुरू झालेला. मुलाने लगेच उचललं की बघा, म्हणजे अब्लेशन! तर नाही, त्या अभ्यासात लवकरवाल्या गटातसुद्धा दोन वर्षांनंतर अब्लेशन झालेले पाचात एकच होते, बाकीचं काम बहुतेक औषधांनीच झालं. अभ्यासाचं नाव माहीत असणं वेगळं आणि आत काय केलं ते माहीत असणं वेगळं.

दोन, पंपिंग ४५. महिनाभर वेग आटोक्यात ठेवून परत इको केला तर ४७. म्हणजे नुसता वेग कमी करून फारसं काही हललं नाही. हा मधला इको बरेचदा कोणी करत नाही आणि मग पुढे पंपिंग सुधारलं तर ते कशामुळे हे कळायला मार्ग राहत नाही.

तीन, आणि मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट, ‘काही होत नाही’ हे वाक्यच. काकूंना बाजूला विचारलं तर त्या म्हणाल्या, आता दुसऱ्या मजल्यावर चढताना मध्ये थांबतात, आणि फोन काढून बघत उभे राहतात म्हणजे थांबलेत असं वाटू नये. संध्याकाळचं चालणं बंद झालंय, कारण विचारलं तर कंटाळा आला म्हणतात. वजन, वय, कंटाळा, प्रत्येकाला कारण तयार. एएफ हळूच येतं आणि माणूस आपलं जगणं त्याप्रमाणे कमी करत जातो, जे करत नाही त्याचा दम लागत नाही, मग डॉक्टरने विचारलं की काही त्रास नाही. खोटं बोलत नसतो तो. त्याला तुलना करायला काही उरलेलंच नसतं.

मग उत्तर मिळवायचं कसं? ठोका एकदा सरळ करून बघायचा. म्हणजे कार्डिओव्हर्जन, शॉक. इथे लोकांचा (आणि काही डॉक्टरांचाही) समज असा की शॉक म्हणजे इलाज, टिकला तर पास, नाही टिकला तर फेल. पर्सिस्टंट एएफमध्ये शॉकने ठोका सरळ होतो बहुतेकांचा, दहातल्या नऊएक जणांचा, पण वर्षभरात निम्म्याच्या आसपास किंवा जास्त लोक परत एएफमध्ये जातात. इलाज म्हणून बघितलं तर अगदीच सुमार. पण तपासणी म्हणून याच्यासारखी दुसरी नाही, कारण सरळ लयीत चार-सहा आठवडे जगून माणूस स्वतःच सांगतो की आधी त्रास होता की नव्हता, आणि पंपसुद्धा सांगतो. काकूंना हे पटायला वेळ लागला. शॉक म्हणजे छातीवर दोन पॅड, दहा मिनिटांची झोप, स्वतःला काही कळत नाही, त्याच दिवशी घरी, हे सांगितल्यावर जरा शांत झाल्या.

पण त्याच्याआधी एक अट असते जिच्याकडे काणाडोळा चालत नाही. एपिक्साबान सलग किमान तीन आठवडे, एकही डोस न चुकता, आणि शॉकनंतर किमान चार आठवडे. आधीची अट का तर आत गुठळी बसलेली असेल तर ठोका सरळ होताच ती सुटून मेंदूत जाऊ शकते. नंतरची का, हे काकूंनी विचारलं, सरळ झाल्यावर कशाला म्हणून, तर करंट सरळ झाला तरी कप्पा लगेच नीट आकुंचन पावत नाही, काही दिवस-आठवडे सुस्तच राहतो आणि गुठळी तेव्हासुद्धा होऊ शकते. शॉकनंतरचे स्ट्रोक बहुतेक पहिल्या दहाएक दिवसांतच येतात. आणि झालं काय तर ठरलेल्या तारखेच्या आदल्या आठवड्यात काका कोणाच्या लग्नाला गेले आणि गोळ्या घरी. दीड दिवस गोळी नाही. ही गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली नाही, नर्सने ‘गोळी चुकली का’ असं न विचारता ‘शेवटची कधी चुकली होती’ असं विचारलं तेव्हा निघाली. मग दोनच रस्ते, परत तीन आठवडे मोजायचे, नाहीतर अन्ननलिकेतून नळी घालून इको करून आत गुठळी नाही ना बघायचं. दुसरं केलं. गुठळी नव्हती. २०० ज्यूलचा एकच शॉक, ठोके ६२, सरळ.

ठोका सरळ टिकावा म्हणून औषध कोणतं हा प्रश्न शॉकच्या आधीच सोडवून ठेवलेला. फ्लेकेनाइड पंपिंग कमी असताना नको, १९८९ मध्ये कास्ट अभ्यासाने अटॅक येऊन गेलेल्या लोकांत या औषधाने ठोके दबले पण मृत्यू वाढले हे दाखवल्यापासून दुबळ्या हृदयात ते कोणी देत नाही. सोटालॉलला किडनी आणि क्यूटी (ईसीजीतलं एक अंतर, ते फार वाढलं तर धोका) दोन्ही सांभाळावं लागतं, दुबळ्या पंपात तेही बेताचंच. राहिली एमिओडारोन. टिकवायला सगळ्यात दमदार आणि त्रास द्यायलाही तीच. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि शरीराला दिवसाला लागतं ०.१५ मिलिग्रॅम, तर थायरॉइडचं काय होत असेल बघा. शिवाय फुप्फुस, लिव्हर, डोळे, उन्हात कातडी, आणि बंद केली तरी शरीरातून जायला महिने लागतात. म्हणून ती काही महिन्यांचा पूल म्हणून घ्यायची, राहायचं घर म्हणून नाही, असं ठरवूनच सुरू केली, आधी थायरॉइड-लिव्हरच्या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे काढून, मेटोप्रोलॉल निम्मी करून.

आठव्या दिवशी काकांचा फोन, की चुकून दुसऱ्या मजल्यावर न थांबता गेलो. चुकून! सहा आठवड्यांनी इको: पंपिंग ५७. म्हणजे ४५, वेग सांभाळून ४७, आणि ठोका सरळ झाल्यावर ५७. एवढं स्वच्छ उत्तर प्रत्येकाचं येत नाही. काहींचं पंपिंग तिथल्या तिथे राहतं, काही जण म्हणतात मला काहीच फरक नाही, आणि तेही उत्तरच असतं, मग वेग सांभाळून निवांत राहायला मन मोकळं होतं. २०१७ च्या कॅमेरा-एमआरआय अभ्यासात नेमके असेच लोक घेतलेले, पर्सिस्टंट एएफ आणि पंपिंग कमी पण दुसरं कारण सापडत नाही असे, त्यांच्यात वेग सांभाळून ईएफ सरासरी ४.४ अंकांनी वाढलं आणि अब्लेशन करून १८ ने. छोटा अभ्यास, ६८ जणांचाच, पण दिशा स्पष्ट.

अकराव्या आठवड्यात एएफ परत आलं. यावेळी काकांनीच ओळखलं, ईसीजीच्या आधी. ‘परत तसं झालंय’ म्हणाले. ज्या माणसाला काही होत नव्हतं त्याला आता ‘तसं’ म्हणजे कसं ते माहीत झालं होतं.

आता खरा निवडीचा प्रश्न. एमिओडारोन चालू असताना परत आलं, म्हणजे औषधाचा रस्ता जवळपास संपला, परत शॉक देऊन वर्षानुवर्षं एमिओडारोनवर ठेवणं मला पटत नाही, ६७ वर्षांच्या माणसाला तर अजिबात नाही. अब्लेशनचा पर्याय आता मुलाच्या हट्टामुळे नाही तर पुराव्यामुळे पुढे आला. तेव्हा मुलालाच समोर बसवून आकडे सांगितले, कारण त्याच्या डोक्यात ९० टक्के वगैरे होतं. अब्लेशनचं मूळ १९९८ मधलं, फ्रान्समधल्या बोर्दोच्या टीमने दाखवलं की एएफची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते, मग त्या शिरा विजेच्या दृष्टीने बाकी हृदयापासून तोडून टाकायच्या. येणं-जाणं करणाऱ्या एएफमध्ये हे छान चालतं. पर्सिस्टंटमध्ये कप्प्याची भिंतच बिघडायला लागलेली असते. तर मग भिंतीवर पण जास्तीच्या रेषा मारूया, असं सगळ्यांना सुचलं, वर्षानुवर्षं केलंही, आणि २०१५ च्या स्टार एएफ टू अभ्यासात नुसत्या शिरा तोडलेल्यांपैकी ५९ टक्के दीड वर्षाने एएफमुक्त होते, जास्तीच्या रेषावाल्यांपैकी ४६ टक्के. म्हणजे जास्त जाळून फायदा शून्य. म्हणून पहिल्या वेळी फक्त शिरा, आणि आकडा सांगायचा तो साधारण दहात सहाचा, काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं हे आधीच सांगून. मुलगा जरा गप्प झाला.

धोके पण सांगितले, सौम्य करून नाही. हृदयाभोवती रक्त साचणं शंभरात एखाद्याला, स्ट्रोक त्याहून कमी, जांघेत रक्त साकळणं सगळ्यात जास्त दिसणारं पण बरं होणारं, आणि उष्णतेच्या अब्लेशनमध्ये अन्ननलिकेला भोक पडणं, फारच क्वचित पण झालं तर बहुतेकदा जीवघेणं. मुलाला हवं असलेलं नवीन मशीन म्हणजे पल्स्ड फील्ड, यात उष्णता किंवा गारवा न वापरता अतिशय कमी वेळाच्या विद्युत झटक्यांनी पेशी मारतात, आणि २०२४ मध्ये आलेल्या १७ हजारांवर पेशंटच्या नोंदीत अन्ननलिकेचं भोक एकही नव्हतं, गंभीर गुंतागुंत एकूण एक टक्क्याच्या आसपास. परिणामाच्या बाबतीत मात्र जुन्याइतकंच, म्हणजे सुरक्षितता थोडी पुढे, जादू नाही. कोणत्या मशीनने यापेक्षा करणाऱ्याचा हात किती बसलेला आहे हे जास्त विचारावं असं माझं मत.

आणि मग काकांना न आवडलेली गोष्ट. स्लीप स्टडीत तासाला २८ वेळा श्वास अडकत होता, आणि वजन ९४. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या लेगसी अभ्यासात (२०१५) ज्यांनी वजन दहा टक्के किंवा जास्त उतरवून टिकवलं त्यांची एएफशिवाय राहण्याची शक्यता सहापट निघाली. वजन उतरवणं अब्लेशनची जागा घेत नाही पण अब्लेशन टिकायचं असेल तर हे लागतं, नाहीतर भिंत आतून बिघडतच राहते. मुलगा म्हणाला आधी वजन उतरू दे मग अब्लेशन. ऐकायला बरोबर, पण वर्ष उलटून जाईल, पंप परत ४५ वर जाईल, आणि रोग जुना होत जाईल तसा आकडा खाली येतो. म्हणून असं ठरलं: लगेच परत शॉक देऊन एमिओडारोनवर ठोका धरून ठेवायचा, सीपॅप मशीन (झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं) त्याच आठवड्यापासून, वजनाला तीन महिने, आणि तारीख आधीच घ्यायची म्हणजे ‘उतरल्यावर बघू’ होणार नाही. तीन महिन्यांत ८८ झालं. दहा टक्के नाहीच. अब्लेशन केलं तरीही.

मोतीबिंदू राहूनच गेलेला, तो दुसऱ्या शॉकनंतरचे चार आठवडे झाल्यावर, डोळ्यात थेंब टाकून सुन्न करून, एपिक्साबान बंद न करता काढला. बऱ्याच ठिकाणी सवयीने ‘पाच दिवस बंद करा’ सांगतात, साध्या मोतीबिंदूला त्याची गरज पडत नाही, पण डोळ्याच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोललेलं असावं लागतं.

अब्लेशननंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत मधेच ठोके बिघडले तर त्याला अपयश धरत नाहीत, जखमा भरत असतात. काकांना पाचव्या आठवड्यात एक दिवसभर झालं, घाबरले, आपोआप गेलं. तीन महिन्यांनी एमिओडारोन बंद. सहा महिन्यांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ठेवायचा, सलग चालणारा ईसीजी) एएफ नाही, पंपिंग ५८, वजन ८६.

आता मुलाचा शेवटचा प्रश्न, सरळ झालंय तर रक्त पातळ करायची गोळी थांबवूया का. नाही. त्याच अफर्म अभ्यासात जे स्ट्रोक झाले ते बहुतेक अशांना झाले ज्यांनी वॉर्फरिन थांबवली होती किंवा ज्यांचा आयएनआर कमी पडत होता, सरळ-ठोकावाल्या गटातसुद्धा. ईसीजी सरळ दिसला म्हणून वय आणि बीपीचे मार्क पुसले जात नाहीत, आणि काकांना पूर्वी सात महिन्यांत एएफ कळलं नव्हतं, तेव्हा रात्री दोन तास येऊन गेलं तर आता कळेलच याची खात्री नाही. एपिक्साबान चालू.

फाइलीत पुढचं असं लिहून ठेवलंय: एएफ परत आलं आणि काकांनी ‘तसं झालंय’ म्हटलं तर एकदा दुसरं अब्लेशन, शिरा परत जोडल्या गेल्यात का ते बघून. तेही नाही टिकलं तर वेग सांभाळायचा, आणि गोळ्यांनी वेग किंवा पंप सांभाळला जात नसेल तर पेसमेकर बसवून एव्ही नोड कायमचा बंद करायचा, ज्यानंतर माणूस पेसमेकरवर अवलंबून राहतो पण ठोके एकसारखे पडतात. दर सहा महिन्यांनी ईसीजी, वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि वजन, कारण एपिक्साबानचा डोस त्यावर आहे.